वाट कुणाच्या नावावर?

तपोवनातल्या झाडांवरून नाशिकमध्ये रान पेटलं, तेव्हा मी इंग्लंडमध्ये, साडेपाच तास मागे असलेल्या घड्याळावर ते सगळं वाचत होते. सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात महापालिकेने अठराशेच्या आसपास झाडांची नोटीस काढली, हरकती मागवल्या आणि शहर रस्त्यावर आलं. सयाजी शिंदे येऊन गेले, साधू-महंत बोलले, मंत्री बोलले, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप गटात तर दोन तट पडले. एक म्हणे, कुंभ बारा वर्षांनी येतो, झाडं परत लावता येतात. दुसरा म्हणे, साधू वडाखाली बसतात, मांडवाखाली नाही. मी मध्ये दोन ओळी लिहिल्या तर लगेच उत्तर आलं, "तुझं बरंय, तिकडे बसून बोलायला." त्यात तथ्य आहे. तरी बोलते, कारण या वादातली एक गोष्ट तिकडे बसूनच दिसली असं मला वाटतं.

सगळा वाद आकड्यांचा होता. किती झाडं, त्यातली जुनी किती, झुडपं किती, एकाच्या बदल्यात किती लावणार. झाडांना कायद्यात थोडा तरी आधार आहे. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. पण त्या झाडांखालून जी वाट जाते तिला काय आहे? तपोवन शहराच्या कुशीत, रामाच्या नावाचं आणि गोदेच्या काठाचं, म्हणून बोभाटा झाला. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला जेसीबी लागले तेव्हा शहराला कळायला वेळ लागला. सारूळकडचे डोंगर खाणींनी खाल्ले ते तर आपण मुंबईला जाता-येता गाडीच्या काचेतून पाहत राहिलो. जिथे माणसांची रोजची पावलं पडतात तिथे काही गुपचूप होत नाही. जिथे पडत नाहीत तिथे काहीही होतं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. तो मला सुचला इथल्या हिवाळी चालीत, म्हणजे गटाने पायी भटकताना, आणि तेही निसर्गप्रेमाने भारावून नव्हे, चिखलात पाय रुतलेले असताना.

लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या टेकड्या आहेत. टेकड्या म्हणायचं आपलं. त्र्यंबकच्या माणसाला त्या दाखवल्या तर तो विचारेल, डोंगर कुठाय? खडूच्या दगडाच्या, गवताळ उताराच्या आणि माथ्यावर बीच नावाच्या झाडांच्या रानांच्या. नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास इथले पायी भटकणाऱ्यांचे गट मुद्दाम चाली ठेवतात. रॅम्बलर्स ही त्यातली सगळ्यात मोठी संस्था, १९३५ सालची. गावोगाव तिचे गट आहेत आणि चाल नेणारा माणूस स्वयंसेवक असतो, पैसे घेत नाही. पत्रकात अंतर किती, चढ किती, कुंपणावरच्या लाकडी पायऱ्या किती चढाव्या लागतील, शेवटी चहा कुठे मिळेल, सगळं लिहिलेलं. सकाळी दहाला स्टेशनच्या वाहनतळावर जमायचं, कारण दुपारी चारला अंधार पडतो आणि रानात तर त्याच्याही आधी.

आमची चाल नेणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. त्या आदल्याच आठवड्यात एकट्या सगळा मार्ग चालून आल्या होत्या. सगळ्यांत मागे एक माणूस ठरवलेला, त्याच्या अंगात भडक पिवळं जाकीट. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही आणि बाईंच्या पुढे कुणी जायचं नाही. फाटक जसं सापडलं तसं सोडायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. मेंढ्या दिसल्या की कुत्र्याला दोरी. भाषण एवढंच. "निसर्गाशी एकरूप व्हा" वगैरे काही नाही. आपल्याकडे ट्रेकच्या सुरुवातीला जी ओळख परेड होते, नाव सांगा, छंद सांगा, तीही नाही. काही जणांची नावं मला पहिल्या चालीत कळलीसुद्धा नाहीत.

पहिला तासभर गवत. डिसेंबरातलं कुरण म्हणजे बघण्यासारखं काय असणार असं वाटतं. मळकट हिरवा रंग, त्यावर दव गोठलेलं, लांब कुठे दोन-चार गायी. बाई एका उतारावर थांबल्या आणि काठीने जमिनीवरचे उंचवटे दाखवू लागल्या. गुडघ्याएवढे, गवताने झाकलेले, शेकड्यांनी. पिवळ्या कुरण-मुंग्यांची वारुळं. नांगर एकदा फिरला की ती संपतात, म्हणून जिथे मोठी वारुळं दिसतात तिथे कित्येक दशकं नांगर लागलेला नाही. इंग्लंडमधली अशी फुलांची जुनी कुरणं १९३० च्या दशकापासून सत्त्याण्णव टक्के नाहीशी झाली. उरलेल्या तुकड्यांत स्वयंसेवक हिवाळ्यात काय करतात, तर झाडं तोडतात. हॉथॉर्नची काटेरी झुडपं वाढली की गवतावर सावली येते आणि उन्हाळ्यात तिथली रानफुलं आणि फुलपाखरं जातात. म्हणून करवत घेऊन, भर थंडीत, प्रेमाने झाडं तोडतात.

इथे मला आपला माळ आठवला. आपल्याकडे सरकारी दप्तरात माळरान म्हणजे पडीक. पडीक दिसलं की खड्डे खणा. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्याने दोन, चार, तेरा आणि मग तेहतीस कोटी झाडांची उद्दिष्टं ठेवली, त्यात किती माळ गेले असतील कुणास ठाऊक. येवल्याकडे ममदापूरला काळवीट आहेत ते झाडांमुळे नाहीत, गवतामुळे आहेत. तिथे राखीव क्षेत्र झालं म्हणून ते बचावलं. बाकीच्या माळांचं काय? तपोवनातली झाडं गेली तर बदल्यात दुसरीकडे कितीतरी पट लावू, असं कुणी म्हणालं की मला पहिला प्रश्न पडतो, दुसरीकडे म्हणजे कुणाच्या गवतावर? झाडांच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांनीही हा प्रश्न विचारला नाही. झाड म्हटलं की आपण सगळेच हळवे होतो आणि गवताला कुणी वाली नसतो.

मग रान. बीचची उंच, राखाडी, गुळगुळीत खोडं, पानं सगळी खाली. कोवळ्या बीचवर मात्र वाळलेली तांबूस पानं हिवाळाभर टिकतात, त्यामुळे रान पूर्ण उघडं वाटत नाही. हाय विकम नावाचं गाव जवळच आहे, तिथे खुर्च्यांचा मोठा धंदा होता. या रानांत कारागीर झोपड्या टाकून खुर्च्यांचे पाय कातायचे. म्हणजे हे काही अस्पर्श अरण्य नाही, शतकानुशतकं वापरलेलं, तोडलेलं, परत वाढवलेलं रान आहे. बाईंनी कळ्यांवरून झाडं ओळखायला शिकवलं. काळी कळी अॅशची, लांब टोकदार बीचची. अॅशला सध्या बुरशीचा रोग लागलाय, बरीच झाडं उभ्या उभ्या वाळतायत. तेवढ्यात वर घार दिसली आणि सगळा गट माना वर करून उभा राहिला. मला हसू आवरेना. आपल्याकडच्या मासळी बाजारावर घिरट्या घालणाऱ्या घारींकडे कुणी बघतं का? पण ही तांबड्या रंगाची निराळी घार. ती इंग्लंडातून एकोणिसाव्या शतकातच मारून संपवली होती. १९८९ पासून पाच-सहा वर्षं स्पेनमधून पिल्लं आणून या टेकड्यांत सोडली आणि आता ती इतकी झालीत की लोकांच्या हातातलं सँडविच पळवतात. संपवलेलं परत आणायला माणसं लागतात, पैसे लागतात आणि परदेशातून पक्षी लागतात. आपल्याकडे हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केली, ती आदिवासी गावाच्या मदतीने. त्याची बातमी मी इथल्या लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगत असते.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. रानातून बाहेर पडताना एक मोठं झाड वाटेवर आडवं पडलेलं. आम्ही वळसा घालून गेलो. बाईंनी फोन काढला, फोटो घेतला आणि कौंटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, साइटवर तक्रार टाकली. अमुक पॅरिश, पायवाट क्रमांक अमुक, झाड आडवं. पॅरिश म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं सगळ्यात खालचं एकक. वाटेला गाव आहे आणि क्रमांक आहे. ती वाट खासगी शेतातून जाते, रान कुणाच्या तरी मालकीचं आहे, पण वाट कायद्याने सार्वजनिक रस्ता आहे, अगदी मोटारींच्या रस्त्यासारखाच. १९८० च्या हायवेज कायद्याने ती मोकळी ठेवणं हे कौन्सिलचं कर्तव्य आहे. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरावीच लागली तर पेरणीसाठीच्या पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांत परत चालण्याजोगी करून द्यावी लागते, किमान एक मीटर रुंद. खांबावर पिवळा बाण असला तर पायी चालणाऱ्यांसाठी, निळा असला तर घोडे आणि सायकलीही चालतील. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत.

हे कुणी ताटात वाढून दिलं नाही. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या पठारावर काहीशे कामगार मुद्दाम घुसले. पठार जमीनदारांच्या शिकारीसाठी बंद होतं. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा जेमतेम विशीतला होता. पुढे १९४९ चा कायदा आला आणि त्यात एक कंटाळवाणं काम लिहिलेलं होतं, कौंटीने आपल्या हद्दीतल्या सगळ्या पायवाटांचा नकाशा करावा. पन्नासच्या दशकात पॅरिशच्या लोकांनी एकेक वाट चालून तिचे फॉर्म भरले. कुठून निघते, कुठे संपते, फाटकं किती, लोक कधीपासून चालतात. तो नकाशा आजही न्यायालयात अंतिम पुरावा आहे. आणि नकाशात नसलेली वाटही लोकांनी वीस वर्षं बिनहरकत चालली असेल तर ती सार्वजनिक मानली जाते, मालकाने विरोध नोंदवलेला नसेल तर. म्हणजे इथे थंडीत चिखल तुडवणारे पेन्शनर पुरावा तयार करत असतात. पायाने.

लगेच सांगते, हा काही स्वर्ग नाही. शेफील्ड शहरात २०१४ नंतर रस्त्याकडेची हजारो झाडं कंत्राटात बसत नाहीत म्हणून तोडली, पहाटे पोलिस बंदोबस्तात तोडली, विरोध करणाऱ्यांना पकडलं. पुढे चौकशीत निघालं की कौन्सिलने लोकांची दिशाभूल केली होती. तपोवनाच्या बातम्या वाचताना मला पहिल्यांदा शेफील्डच आठवलं. याच चिल्टर्नच्या पोटातून हायस्पीड रेल्वेचा सोळा किलोमीटरचा बोगदा गेला, आणि बोगदा जिथे संपतो त्याच्या पुढे जुन्या रानांचे लचके गेले. वाटेवरून पाऊल बाहेर टाकून मोकळं फिरायचा हक्क तर इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के जमिनीवर आहे. पिवळ्या बाणाच्या बाहेर सगळं कुणाचं तरी. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जवळपास सगळीकडे फिरता येतं, तेव्हा इंग्रज आमचंच बरोबर असं म्हणू शकत नाहीत. आणि चालायला येतं कोण? आमच्या गटात मी सोडून सगळे गोरे, बहुतेक निवृत्त, बहुतेक स्वतःच्या मोटारीने आलेले. पाच तास चाललो, एकही शेतकरी भेटला नाही. ट्रॅक्टरचा आवाज ऐकला, माणूस नाही. त्या शेतांत काय पिकतं हे गटातल्या अर्ध्या लोकांना सांगता आलं नाही.

आता नाशिक बघा. सामुदायिक हिवाळी चाल म्हणून इंग्रज जे कौतुकाने करतात ते आपल्याकडे किती शतकांपासून चालू आहे? पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा असते. जानेवारीच्या कडाक्यात दिंड्या त्र्यंबकला चालत येतात, पुढे झेंडेकरी, मध्ये वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, वीसेक किलोमीटरची, कुशावर्तावरून निघून पहिने, धाडोशी, सापगाव अशी, रात्रभर, पावसात, लाखोंनी. मुंबईहून शिर्डीला निघालेले पदयात्री कसारा चढून घोटी-सिन्नरने जातात. चैत्रात वणीला. कुठल्या रॅम्बलर्सनी एवढी माणसं चालवली? परंपरा सांगते की विठ्ठलपंत लेकरांना घेऊन ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघाले होते, वाटेत वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचला. सगळ्यात मागे पिवळ्या जाकिटाचा माणूस असता तर वारकरी संप्रदायाचं काय झालं असतं, हा प्रश्न मी इथल्या बाईंना विचारला. त्या मनापासून हसल्या.

तर चालण्यात आपण कमी नाही. आपण मार खातो ते कागदावर. फेरीची वाट कुणाच्या नावावर आहे? काही ठिकाणी डांबर झालं, काही ठिकाणी शेताचा बांध आहे, काही ठिकाणी वनखात्याची हद्द. लाखो लोक चालतात म्हणून एका सोमवारी कुणी अडवत नाही. उरलेल्या वर्षात तिथे तारेचं कुंपण पडलं, रिसॉर्टची भिंत आली, तर कोण विचारणार? दिंड्या आता त्र्यंबक रस्त्याच्या कडेने, डंपरच्या वाऱ्यात चालतात. रस्ता रुंद झाला की गाड्या आणखी वेगाने जातात. सिंहस्थाच्या आराखड्यात शहराभोवती साठ-पासष्ट किलोमीटरचा परिक्रमा मार्ग आहे, तो गाड्यांसाठी. त्याच्या आड ज्या पाणंदी आणि पायवाटा येतील त्यांचं काय होणार, हा प्रश्न मला कुठल्याच चर्चेत ऐकू आला नाही. झाडं निदान मोजली तरी गेली.

शनिवार-रविवारच्या ट्रेकचा वेगळा घोळ आहे. हरिहरच्या पायऱ्यांवर माणसांची मुंगीसारखी रांग लागलेले व्हिडिओ इथेही फिरतात. त्यावर नेहमीचा उतारा म्हणजे शुल्क लावा, संख्या ठरवा, बंद करा. संख्या ठरवायला माझी ना नाही. पण सगळी गर्दी चार किल्ल्यांवर का होते? कारण ती चार नावंच लोकांना माहीत आहेत. दोन गावांच्या मधून, गायरानातून, ओढ्याच्या कडेने, दुपारपर्यंत संपणारी सपाट चाल असते, ती नेणारा कुणी असतो, हेच आपल्या मध्यमवर्गाला ठाऊक नाही. आपल्याला शिखर लागतं आणि त्यावर फोटो लागतो. बोरगडला २००८ साली राखीव क्षेत्र झालं, म्हसरूळहून अर्ध्या तासावर आहे. माझ्या वर्गातले किती जण तिथे गेलेत? नांदूरमध्यमेश्वरला थंडीत पक्षी बघायला जातात, तिथे गावातली तयार झालेली गाइड पोरं आहेत, दुर्बिणीतून नाव सांगतात आणि मराठीत सांगतात. तेच रूप माळाला आणि रानाला का देता येऊ नये?

कायदा आपल्याकडे नाहीच असं नाही, ही खरी गंमत आहे. गाव नकाशा काढून बघा. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला असतो, पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. जुन्या मोजणीवाल्यांनी पायवाटसुद्धा आखली होती. इंग्लंडला पन्नासच्या दशकात जे फॉर्म भरावे लागले त्यातलं अर्धं काम आपल्या तलाठी दप्तरात आधीच पडून आहे. १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याने वाट अडवली तर तहसीलदाराकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून शेतात जायला रस्ता मागता येतो. वीस वर्षांच्या वहिवाटीचा नियमही १८८२ च्या कायद्यात आहे, इंग्रजांनीच लिहून ठेवलेला. आणि २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ते तीन ते चार मीटरचे करून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवायचं ठरवलं. फार चांगलं झालं. पण हे सगळं ट्रॅक्टरसाठी आणि ज्याचं शेत आहे त्याच्यासाठी. एकेरी तुटक रेषेकडे कुणाचं लक्ष नाही, कारण तिच्यावरून ऊस वाहत नाहीत.

त्या एकेरी रेषेवरून कोण चालतं हे नीट बघायला हवं, नाहीतर माझं म्हणणं साहेबी हौस ठरेल. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात पायवाट ही हिवाळी करमणूक नाही. उन्हाळ्यात पाण्यासाठी बायका तिच्यावरूनच जातात, मुलं शाळेला जातात, मोहासाठी आणि सरपणासाठी लोक जातात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावांना सामूहिक हक्क मिळतात, त्या दाव्यांत वाटा लिहिता येतात. नोंद करायची तर पहिली त्यांच्या वाटांची, त्यांच्या ग्रामसभेच्या ठरावाने. शहरातल्या पाहुण्याने त्या वाटेवरून मागून चालावं, गावातल्या माणसाला पुढे घालून, त्याची मजुरी देऊन. इंग्लंडात चाल फुकट असते कारण नेणाऱ्या बाईंना पेन्शन आहे. ते फुकटपण जसंच्या तसं इकडे आणलं तर गावातल्या पोराच्या पोटावर पाय येईल.

पिंपळगाव बसवंतला माझे मामा आहेत, द्राक्षवाले. त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. रात्री निफाडकडे पारा उतरला की ते बागेत शेकोट्या पेटवून बसतात, तेव्हा बोलायला निवांत असतात.

"तुझं इंग्लंड ठेव बाजूला," मामा म्हणाले. "माल धरलाय बागेत. कोण कुठला येईल, घड तोडून नेईल. परवाच औषध मारलंय, तिकडून माणसं चालत गेली अन् कुणाला काही झालं तर माझ्या नावानं बोंब. अन् बिबट्याचं काय? उसात बिबट्या बसलेला असतो पोरी, तुझ्या त्या म्हाताऱ्यांना सांग."

मी म्हटलं, मामा, इथेही हे भांडण झालंच की. म्हणूनच नियम केलेत. वाटेवरून चालणाऱ्याने वाट सोडायची नाही, नाहीतर तो घुसखोर. आणि शेतकऱ्यानेही वाट जाते त्या शेतात दहा महिन्यांच्या वरचा दुधाळ जातीचा वळू सोडायचा नाही.

"वळूचाबी कायदा आहे?" मामांना तो भारी आवडला. बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "ओढ्याच्या कडेनं जुनी वाट होती, खरंय. आमचे आजोबा पायी त्र्यंबकला त्याच वाटेनं जायचे. नकाशात असंलही. पण आता तिथं तिघांनी बांध फोडून बाग पुढं नेलीय."

"त्या तिघांत तुम्ही आहात का?"

"एक ओळ. एकच." थोडं थांबून, "वाट काढायचीच असली तर पलीकडच्या बांधावरनं काढा. त्याचं रान पडूनच आहे."

पलीकडचाही हेच म्हणणार, अलीकडच्या बांधावरून काढा म्हणून. इंग्लंडात पन्नासच्या दशकात नेमकं हेच झालं. ज्या पॅरिशमध्ये पंच हेच मोठे शेतकरी होते, तिथे कित्येक वाटा फॉर्मवर आल्याच नाहीत. रॅम्बलर्सनी २०२० मध्ये जुने नकाशे नव्यांशी ताडून पाहिले तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये एकोणपन्नास हजार मैल वाटा नोंदीतून सुटलेल्या निघाल्या. त्या नोंदवायला सरकारने आधी २०२६ ची मुदत घातली होती, मग २०३१ केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती मुदतच काढून टाकू असं जाहीर केलं. पाऊणशे वर्षं झाली, काम चालूच आहे.

म्हणून आमच्या गटात आता झाडांच्या आकड्यांवर मी काही लिहीत नाही. त्याऐवजी मामेभावाला पिंपळगावच्या गाव नकाशाचा फोटो मागितलाय, आणि त्र्यंबकला राहणाऱ्या वर्गमैत्रिणीला फेरीच्या वाटेवरच्या गावांचे नकाशे काढायला सांगितलंय. तिने विचारलं, तहसील कार्यालयात काय कारण लिहू? मी म्हटलं, सिंहस्थ लिही. सध्या त्या नावावर कुठलाही अर्ज पुढे सरकतो.